प्रश्नात गावच नव्हतं

कुर्डुवाडीच्या फलाटावर आम्ही गाडीच्या कितीतरी आधी येऊन बसलो होतो, कारण अप्पांचा रेल्वेवर विश्वास होता आणि बार्शीच्या एस.टी.वर नव्हता. माझी एक हिरवी सूटकेस, एक वळकटी आणि आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी भरून दिलेला डबा, एवढंच सामान. मला दिल्लीत एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, बार्शीच्या कॉलेजात तोच विषय शिकवायचे, मराठीतून. त्यामुळे निकाल लागल्यापासून ते गावात छाती काढून फिरत होते आणि फलाटावर मात्र उगाच हमालांशी बोलत बसले होते. मी आईला विचारलं, "मी इतक्या लांब गेले तर तुला चालेल ना?" ती म्हणाली, "मला काय, मला काहीही चालेल. तू नीट जा." गाडी आली. अप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडे गणित फार असतं म्हणतात. घाबरू नकोस. पण गणित झालं की वर बघत जा."

काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि गाडी हलली, तेव्हा मलाही विचारायचं सुचलं नाही. माझं सगळं लक्ष आपण रडतोय हे शेजारच्या बाईला दिसू नये याकडे होतं.

आमच्या भागातून जे कोणी दिल्लीला आले त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या थंडीत आपली सोलापुरी चादर म्हणजे विनोद ठरतो. भाजीवाल्याला 'काय भाव' विचारायला तोंड उघडावं तर आपल्या हिंदीवर तो हसतो. हे सगळं मी धरून चालले होते. जे धरून चालले नव्हते ते वर्गात घडलं. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, समजा एक ग्राहक आहे. मी वही उघडून वाट बघत बसले की आता हा ग्राहक बाजारात जाईल, काहीतरी घेईल, कुणाशी हुज्जत घालेल. ग्राहक कुठेच गेला नाही. तो एका संचातला बिंदू झाला, त्याच्या आवडीनिवडी एका फंक्शनमध्ये गेल्या, आणि तास संपेपर्यंत फळ्यावर ग्रीक अक्षरांशिवाय काही उरलं नाही.

अप्पांच्या वर्गात असं नसायचं. किंमत कशी ठरते हे शिकवायचं झालं की ते पोरांना घेऊन जनावरांच्या बाजारात जायचे. तिथे दोन माणसं हातात हात देतात, वरून पंचा टाकतात आणि खाली बोटांनी भाव ठरतो. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. "बघा, मागणी आणि पुरवठा इथे पंच्याखाली भेटतात," अप्पा सांगायचे. आणि मला दिल्लीत शिकवलं गेलं की एक काल्पनिक लिलाववाला असतो, तो एकेक किंमत पुकारतो, सगळ्यांचं सगळं जुळेपर्यंत कोणी काही विकत घेत नाही, आणि जुळलं की समतोल झाला. हे मी सुट्टीत अप्पांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हा आडत्या कुठल्या मार्केट यार्डातला गं?"

पण मला खोटं बोलायचं नाही. मला ते गणित आवडलं, अगदी मनापासून. बी.ए.ला अप्पांनीच मला गणित घ्यायला लावलं होतं, वारं कुठून वाहतंय ते त्यांना कळत होतं, म्हणून मी तगले. आणि नुसती तगले नाही. वर्गातल्या मुली कॉन्व्हेंटातल्या, चर्चा सुरू झाली की त्यांच्या तोंडून इंग्रजी कसं झुळझुळ वाहायचं. माझी जीभ टाळूला चिकटायची. असमानता, दारिद्र्य यावर मला पुष्कळ काही माहीत होतं. त्यांनी पुस्तकात वाचलेलं मी गल्लीत पाहिलं होतं. पण ते इंग्रजीत सांगता येईपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असायची. मग एक दिवस सरांनी मला फळ्यावर बोलावून एक सिद्धता मांडायला सांगितली. मी काही न बोलता मांडली. खडू ठेवला. सर म्हणाले, "करेक्ट." बस, एवढंच. फळ्यावर कोणाचा उच्चार दिसत नाही, बापाचा हुद्दा दिसत नाही. त्या दिवसापासून मी ह्या दिल्लीची झाले असं म्हटलं तरी चालेल.

आता हे सगळं गणित अर्थशास्त्रात शिरलं कसं, ते जरा सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. पूर्वीचे अर्थशास्त्रज्ञ गोष्टीवेल्हाळ लोक. पानंच्या पानं लिहायचे. माणसाचा लोभ, सहानुभूती, टाचण्यांचा कारखाना, काहीही त्यांना वर्ज्य नव्हतं. मग काहींना वाटलं की भौतिकशास्त्राला जे जमतं ते आपल्याला का जमू नये. त्यांनी माणसाचं समाधान हीच एक राशी धरली आणि तिला कलनशास्त्र लावलं. अप्पा हे पुरणपोळीवर शिकवायचे. पहिल्या पोळीचं समाधान मोठं, दुसरीचं जरा कमी, चौथीला माणूस हात आडवा धरतो. पुढच्यांनी विचारलं, पण समाधान मोजणार कशानं? तुझं आणि माझं एका तराजूत घालणार कसं? प्रश्न रास्त होता. म्हणून त्यांनी समाधानाचे आकडे सोडले आणि फक्त क्रम ठेवला, हे जास्त आवडतं, ते कमी, ही दोन सारखीच. आणखी पुढच्यांनी क्रमही मनातून काढून टाकला. मनात काय आहे ते आपल्याला दिसत नाही ना, मग ते बोलायचंच नाही. माणूस काय निवडतो एवढं बघायचं. त्यानं हे घेतलं, ते घेतलं नाही, म्हणजे त्याला हे हवं होतं. विषय संपला.

दर पायरीला काहीतरी गाळलं गेलं आणि दर पायरीला गणित अधिक देखणं झालं. त्याचा फायदाही झाला, तो मी नाकारत नाही. शब्दांच्या पसाऱ्यात लपून बसलेली गृहीतं समीकरणात उघडी पडतात. नुसत्या आवाजावर वाद जिंकणारे गप्प बसतात. फक्त एक झालं. माणसाला विचारायचं नसतं, तो काय करतो ते बघायचं असतं, हे आमच्या हाडीमाशी खिळलं. त्याला आम्ही शिस्त म्हणायचो.

अप्पांच्या वाट्याला हे सगळं उतारवयात आलं. त्यांच्या कॉलेजचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात गणिती अर्थशास्त्राचा पेपर आला. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीला घरी आले होते. अप्पा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "शिकव मला." जन्मभर ज्यांनी गावाला शिकवलं ते माझ्यासमोर पेन्सिल घेऊन डेरिव्हेटिव्ह काढायला बसले. हाताला सराव नव्हता, चिडायचे, पण शिकले. मात्र प्रत्येक उत्तराखाली एक मराठी वाक्य लिहायचे: म्हणजे भाव थोडा वाढला तर एवढं गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, "अप्पा, ह्याला मार्क नसतात." ते म्हणाले, "वाक्य नसलं तर उत्तर कशाचं ते कसं कळणार?" पुढच्या सत्रात तो पेपर एका नव्या, तरुण प्राध्यापकाकडे गेला. अप्पांना फक्त पहिल्या वर्षाचे तास राहिले. फोनवर ते काही बोलले नाहीत. आईनं सांगितलं की हे आजकाल कॉलेजातून लवकर येतात आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसतात. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं घेऊन मी लायब्ररीत जाऊन त्याच नव्या गणिताचा अभ्यास केला.

पुढचं आयुष्य तुमच्यासारखंच. एका धोरण-अभ्यास संस्थेत नोकरी लागली, अजून तिथेच आहे. सरकारच्या योजनांनी कुटुंबांचं काय भलंबुरं होतं याची मॉडेलं आम्ही बनवतो. लग्न सुहासशी झालं. तो इथल्याच लक्ष्मीबाई नगरात वाढलेला, वडील केंद्र सरकारात, तोही केंद्र सरकारात. त्याच्या मराठीत दर दोन वाक्यांना एक 'यार' असतो आणि 'उंबरठा' हा शब्द त्याला लग्नानंतर माझ्याकडून कळला. आम्हाला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मराठी, जिन्यात हिंदी, ऑफिसात इंग्रजी, असं आमचं चालतं.

आमच्या मॉडेलांत कुटुंब हे एकच माणूस असल्यासारखं धरतात. एक घर, एक पसंती, एक फंक्शन. तसं धरलं की गणित सुटतं. हे ऐकून अप्पांनी मला फोनवरच धारेवर धरलं होतं. "घरात माणसं चार आणि फंक्शन एक? कोणाचं?" मी म्हटलं, "घराचं." "घर जेवत नाही, माणसं जेवतात." मला तेव्हा त्यांच्या मागून कपबशीचा आवाज आला होता. आई त्यांना चहा देत असणार. मागाहून माझ्या मनात आलं, चार माणसांचं सांगतात खरं, पण बार्शीतलं घर कोणत्या आळीत घ्यायचं, मी काय शिकायचं, पाहुणे किती दिवस ठेवायचे, यातलं काहीही अप्पांनी आईला विचारून ठरवलेलं मला आठवत नाही. विचारलंच तर ती म्हणायची, मला काहीही चालेल. तिला तसं म्हणायचं वळणच होतं. तिच्या आईलाही होतं, आमच्या सगळ्या मावशांना आहे. बाईनं मला हे हवं म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी हावरटपणा.

अप्पा गेले आणि मी आईला दिल्लीला घेऊन आले. मला भाऊ नाही. लेकीच्या घरी राहायचं हे आईच्या पिढीला किती जड जातं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. जावयासमोर ती अजून पदर सावरते, त्याला सुहासराव म्हणते. मी तिला तेव्हा विचारलं होतं, अगदी रीतसर: बार्शीला राहतेस की इथे येतेस? "मला काहीही चालेल." बार्शीचं घर बंद झालं. कोणती भाजी करू? काहीही चालेल. टीव्हीवर काय लावू? काहीही. आमच्या भाषेत याला तटस्थता म्हणतात, दोन्ही पर्याय सारखेच, आणि तटस्थ माणसाइतकं सोपं गणितात दुसरं कोणी नाही.

ती रमली असंच आम्ही धरून चाललो. खालच्या बागेत सकाळी अधिकाऱ्यांच्या आया जमतात. कोणी तमिळ, कोणी बिहारी, कोणी ओडिया. मुलांच्या बदल्यांबरोबर ह्यांच्याही बदल्या. एकमेकींची भाषा येत नाही तरी गुडघ्यांबद्दल सगळं कळतं. आई त्यांच्यात बसायची. मग हळूहळू बसेनाशी झाली, कारण बागेतून दोन मजले चढून येताना तिला दम लागायला लागला. नोव्हेंबरात इथली हवा कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी खिडकीतून समोरचं क्वार्टर दिसत नाही आणि घशात राख बसल्यासारखं होतं. आम्ही खिडक्या बंद केल्या, हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. दम वाढतच गेला. शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे.

डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन करता येईल, पण फुप्फुसं आधीच थकलेली आहेत, जोखीम खरी आहे, टेबलावरच काही होऊ शकतं. नाही केलं तर औषधांवर काही काळ जाईल, दम वाढत जाईल. त्यांनी मान आईकडे वळवली. "माताजी, दोनों रास्ते हैं. आप क्या चाहती हैं?" आईनं माझ्याकडे पाहिलं, सुहासकडे पाहिलं आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "ये लोग बोलेंगे वैसा." डॉक्टर म्हणाले, आठवडाभर विचार करा, पण निर्णय त्यांचा हवा.

घरी येताना मेट्रोत मी आईच्या शेजारी बसले होते. आजाराची काळजी होतीच, पण आणखी एक होती. बघून कळेल अशी निवड तिनं कधी केलेलीच नव्हती. जन्मभर दुसऱ्यांनी निवडलं आणि ती त्यात राहिली. माझ्या आईला काय हवं असतं, याची मला तिळमात्र कल्पना नव्हती.

अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. आरोग्याच्या पाहण्यांमध्ये आम्ही एक पद्धत वापरतो. आजारी माणसासमोर दोन काल्पनिक आयुष्यं ठेवायची, एक लांब पण दुखण्याचं, एक आखूड पण निरोगी, आणि कोणतं घ्याल विचारायचं. वर्षं कमीजास्त करत गेलं की त्या माणसाला दुखणं किती जड आहे त्याचा आकडा निघतो. तो जोखमीच्या गणितात घातला की ऑपरेशन करावं की नाही ते कळतं. शनिवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. सुहास बाजारात गेला होता. मी समोर बसले.

"आई, समज तुझ्यासमोर दोन आयुष्यं ठेवली. एकात दहा वर्षं, पण आत्तासारखी. जिन्यात थांबायचं, उशा लावून झोपायचं. दुसऱ्यात सहाच वर्षं, पण ठणठणीत. कोणतं घेशील?"

"असं कोण देतंय?"

"कोणी देत नाही गं. समज म्हटलं."

"मला काहीही चालेल."

पाहणी करणाऱ्या मुलींना आम्ही सांगून ठेवलेलं असतं की असं उत्तर आलं तर प्रश्न एकदा पुन्हा विचारा. मी पुन्हा विचारला. आईला हसू आलं. "हे असलं विचारायचा तुम्हाला पगार मिळतो? दुसऱ्या बायकांना पण विचारता?"

"विचारतो की."

"त्या काय म्हणतात?"

"पुष्कळ जणी तुझ्यासारखंच म्हणतात. तुम्ही सांगाल तसं."

"मग काय करता?"

"मग ते उत्तर धरत नाही. काढून टाकतो. गणितात बसत नाही ते."

आईचा हात शेंगेवर थांबला. ती काही रागावली नाही. खिडकीकडे बघत राहिली, बाहेर त्या दिवशीही काही दिसत नव्हतं. मग तिनं विचारलं, "ती सहा वर्षं ठणठणीत, ती कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"इथे का बार्शीला?"

ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनी वेदना, वर्षं, शक्यता सगळं तोलून पाहिलं होतं, मी स्वतः त्यावर मुलांना प्रशिक्षण दिलं होतं. प्रश्नात गावच नव्हतं. मी म्हटलं, "तसं काही नाही त्यात. जिथे आहेस तिथेच धर."

"मग दहा काय आणि सहा काय. इथली मला दोन्ही सारखीच." तिनं शेंग फोडली, दाणे वाडग्यात टाकले. "बार्शीला असली तर दोनसुद्धा पुरेत."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. इतकी वर्षं जिला आम्ही तटस्थ समजत होतो तिनं एका वाक्यात आपली पसंती मांडली होती, आकड्यासकट. आम्ही तिच्यासमोर जे जे ठेवत गेलो त्यात तिला हवं ते कधी नव्हतंच. मग ती काय म्हणणार होती?

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"लेकीच्या घरी येऊन असं बोलतात का? सुहासराव देवमाणूस आहेत. तुम्ही काही कमी केलं नाहीत." तिनं पुढची शेंग घेतली. "पण नंदू, मी इथे सकाळी जागी होते आणि आधी कानोसा घेते, तुम्ही उठलात का. मग उठते. नळ हळू सोडते. तिथे मी उठले की घर उठायचं."

"अप्पांना सांगितलं होतंस कधी, तुला काय हवं ते?"

"ह्यांनी विचारलं कधी? पोरांना घेऊन गावभर भाव विचारत फिरायचे." आणि ती हसली. अप्पा गेल्यापासून त्यांच्यावर हसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली. मलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. अप्पा आणि मी जन्मभर वाद घालत आलो, शब्द की गणित, आणि तो वाद ऐकत चहा करणाऱ्या माणसाला दोघांपैकी कोणीच काही विचारलं नाही. माझा निदान न विचारण्याचा सिद्धान्त तरी होता. त्यांचा तर उलटा होता.

मी डोळे पुसले आणि म्हटलं की ऑपरेशन नको मग, औषधं घेऊ आणि बार्शीला जाऊ. तिनं मान हलवली. "करू ऑपरेशन. असा दम लागत असताना तू मला तिथे एकटीला ठेवशील का? आणि मला तिथे एकटीनं राहायचंय. शेजारणी आहेत, देवळापर्यंत चालत जाता आलं पाहिजे, पाणी भरता आलं पाहिजे. त्याला अंगात बळ पाहिजे."

"आई, टेबलावर काही झालं तर?"

"झालं तर झालं. इथे खिडकी बंद करून बसण्यापेक्षा बरं." मग जरा हळू म्हणाली, "मी बार्शीला गेले की तू राहायला ये. मला न्यायला येऊ नकोस."

संध्याकाळी सुहासला सांगितलं. आई आत पडली होती. तो चपला हातात घेऊन दारातच उभा होता. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे आपल्याकडे राहायला लागू नये म्हणून आई एवढी रिस्क घेणार? यार नंदू, आपण काय कमी केलं?" काही कमी केलं नव्हतं, हेच तर होतं. मलाही तेच लागलं होतं आणि अजून लागतंय. माझ्या घरातून सुटण्यासाठी माझी आई जिवावर उदार होते, हे कुठल्याही मुलीनं शांतपणे ऐकून घ्यावं असं नाही. मी काही ते शांतपणे ऐकलेलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले. दोन दिवस तीही माझ्याशी तुटक बोलली, आणि मला कबूल करायला हवं की तिचं ते तुटक बोलणं मला आवडलं. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की वांग्याची भाजी नको, मेथी कर.

डॉक्टरांसमोर ती स्वतः बोलली. "ऑपरेशन करना है. फिर मेरे को अपने गाँव जाना है." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. हे मी लिहितेय ते त्या तारखेच्या अलीकडून, आणि माझा जीव वर-खाली होतोय. जमलं तर उन्हाळ्याच्या आत ती बार्शीला जाईल. तिथे हृदयाचा डॉक्टर नाही, जवळचा सोलापूरला. हे मी तिला सांगितलं. तिला माहीत होतं.

ऑफिसात मी म्हटलं की ती काढून टाकलेली उत्तरं आपण पुन्हा बघूया, त्या बायकांना आणखी काहीतरी विचारायला हवं. संस्थेत आता नवी मुलं आली आहेत. त्यांना अर्थशास्त्रही फारसं लागत नाही, मशीनला आकडे घातले की ते सांगतं. त्यातला एक नम्रपणे म्हणाला, "मॅम, पण विचारायचं काय?" मी त्याला म्हटलं, कुठे राहायचंय ते विचार. त्यानं ते लिहून घेतलं, आणि त्याचा कॉलम कसा करायचा याच्या विचारात पडला. मी त्याला हसले नाही. मीही तेच केलं असतं.

बार्शीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे इथे येऊन क्वार्टरं, फ्लॅट, सोसायट्या करून बसलेल्यांनो, घर कुठलं असं कोणी विचारलं की आपण दोन पत्ते सांगतो, मूळचे अमुकचे, आता तमुकला. मीही तसंच सांगत आले. काल आईच्या बॅगेत दवाखान्याचे कपडे भरत होते. ती पलंगावर बसून मला बघत होती. मध्येच म्हणाली, "मला एवढं विचारलंस. तुला विचारलं तर? तुझी सहा वर्षं कुठे?"

मी म्हटलं, "इथेच की. माझं काम इथे आहे, सुहासची नोकरी आहे." तिनं मान डोलावली आणि टॉवेल माझ्याकडे सरकवला. खरं उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. माझी सगळी वर्षं ती असेल तिथे. पण हे मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझ्यासाठी ती बार्शीला जायचीच नाही.